गोळी कोठें थांबते?

बंदुकीच्या विषयावर लिहिण्याचा अधिकार आमच्याकडे कोणत्या नात्यानें येतो, असें वाचकांनीं विचारलें तर त्यास आमच्याजवळ उत्तर नाहीं. तीस वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकविण्यांत गेलीं. लढाया आम्हीं पुष्कळ लढविल्या, पण त्या सर्व फळ्यावर व खडूच्या साह्यानें. वयाच्या आठव्या वर्षीं दिवाळींतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा बार आपल्याच कानाशीं झाला, तेव्हांपासून आम्हीं शस्त्रसंन्यास घेतलेला होता. असें असतां २०२३ सालच्या उन्हाळ्यांत, सातासमुद्रांपलीकडे, दोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरांत कोणतें काडतूस घालावें या एकाच प्रश्नाचा खल करण्यांत आमचे तीन आठवडे गेले. प्रश्न दिसावयास क्षुल्लक होता. परंतु त्यानें आम्हांस जें शिकविलें तें सांगण्यासारखें वाटतें, म्हणून हा प्रपंच.

आमच्या थोरल्या बहिणीची मुलगी अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत, ह्यूस्टन शहराच्या एका उपनगरांत राहते. ती एका इस्पितळाच्या औषधविभागांत काम करते. तिचे यजमान मेक्सिकोच्या आखातांतील तेलाच्या फलाटावर अभियंता आहेत. चौदा दिवस समुद्रावर आणि चौदा दिवस घरीं, असा त्यांचा क्रम. म्हणजे वर्षांतले सहा महिने भाची व तिची चार वर्षांची मुलगी या दोघीच घरांत असतात. आम्ही पोंचण्यापूर्वीं दोनतीन महिने, रात्रीं अडीच वाजतां, त्यांच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची मूठ कोणी तरी बाहेरून फिरवून पाहिली. मग दाराची कांच फुटली. भाचीनें मुलीला उचललें, न्हाणीघरांत जाऊन आंतून कडी लावली आणि पोलिसांना फोन केला. पोलीस अकरा मिनिटांनीं आले. तोंवर मनुष्य निघून गेला होता. गेलें म्हणावें तर कांचेचें एक तावदान गेलें होतें.

"मामा," ती आम्हांस म्हणाली, "अकरा मिनिटें किती मोठीं असतात हें घड्याळाकडे पाहून कळत नाहीं."

आम्ही आल्याच्या दुसऱ्या रात्रीं, मुलगी निजल्यावर, तिनें एक पोलादी पेटी आणून टेबलावर ठेवली. वरचीं चार बटणें ठराविक क्रमानें दाबल्यावर झांकण उघडलें. आंत एक काळसर, ठेंगणें रिव्हॉल्व्हर होतें. नळी दोन इंचांहूनहि किंचित आंखूड, चक्रांत पांच घरें, सांगाडा ॲल्युमिनियमचा. तें उचलून पाहिलें तों तें एखाद्या खेळण्यासारखें हलकें लागलें. वजन छत्तीससाडेछत्तीस तोळे, म्हणजे अर्ध्या शेराहून कमी.

आमच्या तोंडून जें व्याख्यान निघालें तें येथें देत नाहीं. ज्या घरांत लहान मूल आहे त्या घरांत असली वस्तु आणणें म्हणजे चोराच्या भीतीनें घरांत साप पाळणें होय, असा त्याचा मथितार्थ होता. भाचीनें तें शेवटपर्यंत शांतपणें ऐकलें. मग ती म्हणाली, "तुम्ही म्हणतां तें सगळें मी स्वतःशीं महिनाभर बोललें आहें, मामा. म्हणूनच ही पेटी. मुलांच्या हातीं लागेल असें शस्त्र ठेवणें हा येथें गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरीहि मला तो कळला असता. तुमचें मन वळविण्यासाठीं मी तुम्हांला हें दाखवलें नाहीं. मला अजून एक ठरवायचें राहिलें आहे. शस्त्र घेतलें, पण त्यांत काय भरायचें हें जो तो निराळें सांगतो. तुम्ही जन्मभर परस्परविरुद्ध साधनांतून खरें काढण्याचा धंदा केलात. हेंहि वाचून पाहा." आणि कागदांचा एक गठ्ठा आमच्यापुढें ठेवून ती म्हणाली, "आईला मात्र यांतलें कांहीं कळवूं नका."

प्राध्यापकाची खुशामत करावयाची तर त्यास वाचावयास कागद द्यावे, हें त्या पोरीस पक्कें ठाऊक होतें. आम्ही वाचूं लागलों.

पुढच्या शनिवारीं तिच्याबरोबर दुकानांतहि गेलों. दुकान कसलें, ती एक प्रचंड वखारच होती, आणि तिची एक सबंध भिंत काडतुसांच्या खोक्यांनीं भरलेली होती. आपल्याकडे १९५९ च्या हत्यारांच्या कायद्याखालीं परवाना मिळविण्यासाठीं इतकीं दारें ठोठवावीं लागतात कीं, अखेरीस हातीं पडेल तें काडतूस घेऊन परवानेदार निमूटपणें घरीं येतो. निवड हा शब्द त्याच्या मनांतहि येत नाहीं. येथें सगळाच प्रकार उलटा. लक्ष्मी रोडवर लग्नाचा बस्ता बांधावयास गेलेल्या वधूपित्याची जी अवस्था होते तीच आमची झाली. प्रत्येक खोक्यावर वाघनखाचें नाहीं तर विजेचें चित्र, आणि प्रत्येकाचें आश्वासन एकच कीं हेंच काडतूस तुम्हांस तारील.

खोक्यांवर ११०, १३५, १४८, १५८ असे आंकडे होते. ते गोळीच्या वजनाचे, ग्रेन या मापांतले. आमच्या आजोबांच्या पिढीनें १५ ग्रेनांचा मासा आणि १८० ग्रेनांचा तोळा हें कोष्टक पाठ केलेलें होतें; १८३३ पासून कंपनी सरकारचा तोळा तोच. त्या हिशेबानें १५८ ग्रेनांची गोळी साडेदहा माशांची, १४८ ची दहाहून किंचित कमी, आणि १३५ ची बरोबर नऊ माशांची. याच भाचीच्या लग्नांत आमच्या बहिणीनें जांवयास नऊ माशांचीच अंगठी घातली होती. तेवढेंच शिसें एका खोक्यांत वीस वेळां भरून ठेवलेलें पाहून आम्ही क्षणभर थबकलों.

आतां या प्रश्नाची मेख कोठें आहे तें सांगतों. हें काडतूस ".३८ स्पेशल" या नांवानें ओळखलें जातें. स्मिथ अँड वेसन या कंपनीनें तें एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस काढलें, आणि तें काढलें तेव्हां लांब नळीचें शस्त्र तिच्या डोळ्यांपुढें होतें. पुढें कोटाच्या खिशांत मावेल असें रिव्हॉल्व्हर लोकांस हवें झालें. कोल्ट कंपनीनें १९२७ सालीं दोन इंची नळीचें सहा बारांचें, आणि स्मिथ अँड वेसननें १९५० सालीं त्याहूनहि लहान असें पांच बारांचें रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें. शस्त्र आंखूड झालें, पण काडतूस तेंच राहिलें. दारूचा वायु गोळीला ढकलतो तो ती नळींत असेपर्यंतच. नळी संपली कीं ढकलणें संपलें. त्यांतच चक्र व नळी यांमधल्या फटींतून थोडा वायु बाजूलाहि निसटतो. त्यामुळें लांब नळींतून जी गोळी सेकंदाला नऊशें फूट जाईल, तीच येथून शंभरएक फूट कमी वेगानें निघते. दौतींतली शाई तीच, पण लेखणी अर्धी मोडलेली, अशांतला हा प्रकार.

वेग कमी झाला तर अधिक दारू भरावी, असें कोणीहि म्हणेल. आणि कारखानदारांनीं तसें केलेंहि आहे. साध्या काडतुसांतला दाब दर चौरस इंचास १७,००० पौंडांपर्यंत असतो, तर "प्लस पी" नांवाच्या जोरकस काडतुसांत तो २०,००० पर्यंत नेतात. परंतु न्यूटनचा तिसरा नियम टेक्सासांतहि लागू आहे. पुढें जितका जोर, तितकाच मागें धक्का. आणि शस्त्र साडेछत्तीस तोळ्यांचें असलें म्हणजे तो सगळा धक्का झेलावयास चालविणाऱ्याच्या मनगटावांचून दुसरें कांहींच राहत नाहीं. फारच हलक्या रिव्हॉल्व्हरांत तर या हिसक्यानें, अजून न उडालेल्या काडतुसांतल्या गोळ्या आपापल्या जागेवरून पुढें सरकतात आणि चक्र अडकून बसतें. म्हणजे संरक्षणाचा जोर वाढवितां वाढवितां संरक्षणच बंद पडावें! राजवटी अशाच रीतीनें बुडाल्याचीं उदाहरणें आम्ही वर्गांत देत आलों आहों. तें तत्त्व एवढ्याशा चक्रांत पाहावयास मिळेल असें वाटलें नव्हतें.

दुसरा वाद गोळीच्या आकाराचा. अमेरिकन पोलीस कित्येक दशकें १५८ ग्रेनांची, गोल टोकाची, निव्वळ शिशाची गोळी वापरीत. ती अंगांतून सरळ आरपार जाई. ज्याला लागली तो पुष्कळदां थांबत नसे, आणि त्याच्या पाठीमागें जो कोणी उभा असे त्याचा मात्र घात होई. यावर उपाय म्हणून टोकाला खळगा असलेली गोळी आली. तिला आम्ही पोकळ टोकाची गोळी म्हणूं. अंगांत शिरतांच तें टोक कळी उमलावी तसें उमलतें, गोळी रुंद होते, तिचा वेग आंतच संपतो, आणि ती बहुधा पलीकडे जात नाहीं.

हें वाचलें आणि आमच्या अंगांतला इतिहासाचा प्राध्यापक खडबडून जागा झाला. कारण अशाच, अंगांत पसरणाऱ्या एका गोळीचें जन्मस्थान आपल्याच देशांत आहे. कलकत्त्याजवळ डमडम म्हणून जें ठिकाण आहे, जेथें आज विमानतळ आहे, तेथें इंग्रज सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना होता. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत नवी, कठीण कवचाची गोळी लागूनहि पठाण अंगावर धांवून येतच राहतात, अशी गोऱ्या अधिकाऱ्यांची तक्रार झाली. तेव्हां डमडमच्या कॅप्टन बर्टी-क्ले यांनीं टोकाकडचें कवच काढून शिसें उघडें ठेवलेली गोळी तयार केली, आणि १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत ती सरहद्दीवरच्या लोकांवर वापरली गेली. १८९९ सालीं हेग येथें राष्ट्रांची परिषद भरली तेव्हां या गोळीवरून मोठें रण माजलें. सुधारलेला शिपाई गोळी लागली कीं खालीं बसतो, रानटी मनुष्य बसत नाहीं, म्हणून त्यासाठीं ही गोळी हवी, असा युक्तिवाद ब्रिटिश प्रतिनिधि सर जॉन आर्डा यांनीं तेथें केला. ब्रिटन व अमेरिका यांचा विरोध असतांहि, अंगांत पसरणाऱ्या गोळ्या युद्धांत वापरूं नयेत असा ठराव त्या वर्षीं २९ जुलै रोजीं झाला. पुढें १९०७ सालीं ब्रिटननेंहि तो मान्य केला. अमेरिकेनें केला नाहीं.

दरवर्षीं हा प्रसंग शिकवितांना आमचा आवाज आपोआप चढतो. डमडम हा शब्द आमच्या लेखीं साम्राज्याच्या निर्दयतेचा पर्याय होऊन बसला होता. आणि आतां आमच्या बहिणीची मुलगी तीच गोळी आपल्या घरांत आणूं पाहत होती! आम्हीं तिला तसें स्पष्टच सांगितलें. तिनें गठ्ठ्यांतला एक कागद काढून पुढें केला. न्यूयॉर्कच्या पोलिसांनीं १९९८ सालीं पोकळ टोकाची गोळी वापरण्याचें ठरविलें, आणि तें निर्दयतेपोटीं नव्हे; त्यांच्या कवचाच्या गोळ्या गुन्हेगारांच्या अंगांतून पार होऊन रस्त्यानें जाणाऱ्या निरपराध्यांस लागत होत्या म्हणून. रणांगणावर जी गोळी क्रूर म्हणून निषिद्ध ठरली, तीच गल्लींत तिऱ्हाइताच्या जिवाची काळजी म्हणून निवडली गेली. त्याच देशांत न्यू जर्सी संस्थानानें मात्र उलट धोरण ठेविलें आहे. तेथें ही गोळी घरांत ठेवण्यास मुभा, पण ती बरोबर घेऊन बाहेर हिंडण्यास सामान्यतः बंदी. एकाच वस्तूवर इतके भिन्न निवाडे आहेत, आणि त्यांतला एकहि केवळ मूर्खपणाचा म्हणवत नाहीं. शब्दाचा राग वस्तूवर काढण्याची खोड आम्हां पुस्तकी लोकांस असते. त्या दिवशीं ती आमची आम्हांस दिसली.

पण लहान नळीच्या शस्त्राला येथेंहि अडचण आहेच. टोक उमलावयास वेग लागतो, आणि वेगाचीच तर येथें वाण. १९८६ सालीं ११ एप्रिल रोजीं मायामी शहरांत दोन दरोडेखोरांशीं झालेल्या चकमकींत अमेरिकेच्या केंद्रीय तपासखात्याचे दोन अधिकारी ठार व पांच जखमी झाले. पोकळ टोकाची एक गोळी दरोडेखोराच्या छातींत शिरून, उमलून, हृदयाच्या अलीकडेच थांबली होती. आणि त्यानंतरहि तो बराच वेळ लढत राहिला. यावरून त्या खात्यानें काडतुसांची कसोटी घालून दिली. खरवसाच्या वडीसारखा दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा करावयाचा, त्यापुढें जाड कपडा ठेवावयाचा आणि गोळी झाडून पाहावयाची. ती निदान १२ इंच आंत गेली पाहिजे आणि १८ इंचांपलीकडे जातां कामा नये. आंखूड नळींतून झाडलेल्या कित्येक गोळ्या या कसोटीस उतरत नाहींत. कांहींच्या खळग्यांत कापडाचा बोळा बसतो आणि त्या न उमलतां पार निघून जातात. कांहीं हलक्या गोळ्या लवकर उमलतात आणि अर्ध्या वाटेंतच थबकतात. नऊ माशांची एक गोळी आंखूड नळीसाठींच मुद्दाम घडविलेली आहे. ती या नळींतूनहि सेकंदाला साडेआठशें फुटांच्या आसपास जाते व बहुधा उमलते. परंतु ती प्लस पी जातीची, म्हणजे धक्क्याची.

कागदांवरून निर्णय लागेना, तेव्हां भाची आम्हांस नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेली. तेथें शिकविणारे गृहस्थ सत्तरीच्या घरांतले, पूर्वीं पोलिसांत नोकरी केलेले. आमच्याप्रमाणेंच त्यांचाहि आवाज वर्गांत बोलून बोलून घोगरा झालेला होता. त्यामुळें आमचें चटकन् जमलें. भाचीनें आणलेलीं तीन तऱ्हेचीं खोकीं पाहून ते कांहींच बोलले नाहींत. सात यार्डांवर, म्हणजे एका मोठ्या दिवाणखान्याच्या लांबीवर, त्यांनीं जेवणाच्या ताटाएवढा एक कागद टांगला आणि म्हणाले, "पांच, पांच, पांच. मग बोलूं."

पहिलीं पांच प्लस पी जातीचीं. पहिल्या बारासरशी भाचीचे हात कपाळापर्यंत वर गेले. दुसऱ्या बाराला तिनें, स्वतःस नकळत, चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटले. ताटाला दोन भोकें पडलीं; उरलेल्या तीन गोळ्या कोठें गेल्या तें मागच्या मातीच्या बांधासच ठाऊक. दुसरीं पांच साध्या दाबाचीं, गोल टोकाचीं; त्यांतलीं चार लागलीं. तिसरें खोकें तिनें केवळ स्वस्त म्हणून, सरावासाठीं घेतलें होतें. त्यांतल्या गोळ्यांना टोकच नव्हतें. दहा माशांचा शिशाचा नुसता दंडगोल, समोरून सपाट, आणि तो काडतुसाच्या तोंडाबरोबर आंत दडविलेला. वॅडकटर हें त्याचें नांव; कागदाच्या लक्ष्यावर स्वच्छ वाटोळें भोंक पडावें म्हणून मूळ ती गोळी नेमबाजांसाठीं केलेली. वेग सेकंदाला सहाशें-सातशें फूट, म्हणजे सर्वांत मंद. त्या पांचहि गोळ्या तिच्या तळहाताखालीं झांकतील एवढ्या जागेंत लागल्या.

म्हातारबुवांनीं तो कागद खालीं उतरविला. ते म्हणाले, "बाई, खोक्यावर जें लिहिलें आहे तें गोळी लागली तर काय होईल त्याविषयीं आहे. चुकलेल्या गोळीविषयीं कोणत्याहि खोक्यावर कांहीं लिहिलेलें नसतें. ही सपाट गोळी उमलत नाहीं. तिला उमलावें लागतच नाहीं, म्हणून कापडानें तिचें कांहीं अडत नाहीं. ती रुंद तोंडानें भोंक पाडीत सरळ पुरेशी खोल जाते. हिच्याहून चांगली गोळी आहे. पण ती तुम्हांला लागूं पडली पाहिजे. आज तरी पडत नाहीं." मग त्यांनीं तिचा दोषहि सांगितला. सपाट तोंडामुळें घाईनें दुसऱ्यांदा भरतांना काडतूस चक्राच्या घरांत चटकन् शिरत नाहीं. म्हणून पहिलीं पांच सपाट, आणि जवळ ठेवण्याचीं पांच निमुळत्या टोकाचीं असावीं. शिवाय गोळीचें वजन बदललें कीं नेमहि वरखालीं होतो. एरवीं जड गोळी वर लागते आणि हलकी खालीं. तेव्हां जें काडतूस घरांत ठेवावयाचें, त्याचीं निदान पन्नास झाडून पाहावीं. नुसत्या नांवावर भरंवसा ठेवूं नये.

आम्हांस वाटलें, प्रश्न सुटला. आम्ही उठूंहि लागलों. तेव्हां त्या गृहस्थांनीं, फार सहज, विचारलें, "तुमच्या निजण्याच्या खोलीचें दार उघडलें कीं समोर काय आहे?"

"बोळ," भाची म्हणाली.

"आणि बोळाच्या पलीकडे?"

ती बोलली नाहीं. तिनें आमच्याकडे पाहिलें. बोळाच्या पलीकडे मुलीची खोली होती.

आपल्याकडच्या विटांच्या भिंतींत वाढलेल्या मनुष्यास अमेरिकेंतल्या भिंतीची कल्पना सांगावी लागते. लांकडी उभ्या पट्ट्या, आणि त्यांच्या दोन्ही अंगांस अर्ध्या अर्ध्या इंचाची, कागदांत गुंडाळलेल्या जिप्समची फळी, आंत पोकळी. खिळा ठोकावयास गेलें तर हातोडी पार जाईल अशी ती भिंत. भाचीनें विचारलें, या भिंतींतून पार जाणार नाहीं अशी गोळी कोणती? म्हाताऱ्यांनीं मान हलविली. पोकळ टोकाच्या गोळीच्या खळग्यांत त्या भिंतीचा चुरा भरतो, ती उमलत नाहीं, आणि कवचाच्या गोळीसारखीच पुढें जाते. मंद वॅडकटरहि अशा एकदोन भिंतींनीं थांबेल असा भरंवसा धरतां येत नाहीं. "जी गोळी या भिंतीला थांबेल," ते म्हणाले, "ती माणसालाहि थांबविणार नाहीं. दोन्ही एकदम मागतां येत नाहींत. हा प्रश्न दुकानांत सुटत नसतो, तो घरीं सुटतो."

परततांना गाडींत कोणीच बोललें नाहीं. आमच्या मनांत मात्र एकसारखें येत होतें कीं, गेले तीन आठवडे आम्ही सर्वजण गोळी कशी निघते, किती वेगानें जाते आणि काय करते, याचीच चर्चा करीत होतों. ती कोठें थांबते हा प्रश्न आम्हीं विचारला होता तो जिलेटिनच्या ठोकळ्यापुरता. हेगच्या प्रतिनिधींनीं तो शत्रूच्या अंगापुरता विचारला, न्यूयॉर्कच्या पोलिसांनीं रस्त्यापुरता. प्रत्येकाच्या घरापुरता तो ज्याचा त्यानें विचारावयाचा असतो, आणि तेथें कोणताहि तज्ज्ञ उपयोगी पडत नाहीं.

त्याच संध्याकाळीं भाचीनें आणि आम्हीं मिळून घरांतलें सामान हलविलें. तिच्या निजण्याच्या खोलीच्या पाठीमागें कपड्यांची एक लहान खोली होती. ती रिकामी करून मुलीचा पलंग तेथें नेला, म्हणजे कसाहि प्रसंग आला तरी मूल आईच्या पाठीशीं राहील, समोर कधींच येणार नाहीं. बोळापलीकडची खोली कपड्यांची झाली. कांच फुटलेल्या मागच्या दाराला पोलादी पत्र्याचें दार आलें, तिच्या खोलीला आंतून जाड कडी आली. रात्रीं आवाज झाला तर काय करावयाचें याचाहि क्रम ठरला: खोलीबाहेर पडावयाचें नाहीं, कडी लावावयाची, फोन करावयाचा, आणि आपण खोलींत आहों हें मोठ्यानें ओरडून सांगावयाचें. त्या पोलादी पेटीचा क्रमांक या सर्वांनंतरचा. मुलगी मात्र नव्या खोलीवर निहायत खूष झाली. तिला ती गुहा वाटली.

निघण्यापूर्वीं एकदां आम्हीं भाचीस विचारलें, "बाळ, एवढें सगळें केल्यावर तें यंत्र आतां हवेंच कां?"

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मामा, पहिल्या दिवशीं विचारलें असतें तर हो म्हणालें असतें. आज तितक्या जोरानें म्हणवत नाहीं. पण अजून हो आहे." यापेक्षां प्रामाणिक उत्तर आम्हांस कोणत्याहि उत्तरपत्रिकेंत मिळाल्याचें स्मरत नाहीं. आमचें मत बदललें का? अशी वस्तु घरांत नसावी असेंच आम्हांस अजूनहि वाटतें. मात्र तें वाटणें आतां पूर्वींसारखें फुकटचें राहिलेलें नाहीं. अकरा मिनिटांचा हिशेब त्यांत धरावा लागतो.

हें सर्व आज उघडपणें लिहितों याचें कारण असें कीं, पुढें भाचीनें स्वतःच आईला फोनवर सगळें सांगितलें. अक्का रागावेल, रडेल, परत ये म्हणेल, अशी आम्हां दोघांचीहि समजूत होती. अक्कानें काडतुसांचें नांव विचारलें नाहीं, किंमत विचारली नाहीं, परवान्याचें विचारलें नाहीं. सगळें ऐकून घेऊन तिनें एवढेंच विचारलें, "आणि नात कोणत्या खोलींत निजते?"